मुक्काम कुणाकडे

भाविकाला पोलिस भरतीचं बोलावणं आलं, तेव्हा घरात पहिला प्रश्न निघाला तो धावण्याचा नव्हता, गोळाफेकीचाही नव्हता. पोरगी आदल्या रात्री झोपणार कुठे, हा होता.

घाटकोपरच्या मैदानावर उजाडायच्या आत हजर व्हायचं होतं. शहापूरकडच्या शेणव्याच्या पलीकडे त्यांचा पाडा. तिथून त्याच रात्री निघून मैदान गाठायचं म्हणजे अशक्यच. पहाटेच्या त्या वेळी पाड्यावरून आसनगाव स्टेशनाकडे कोणी निघत असेलच तर तो कोल्हा. म्हणजे आदल्या दिवशी जायचं आणि मुंबईत कुठेतरी अंग टाकायचं. एवढी अफाट मुंबई, पण तिच्यात एका पोरीपुरतं अंथरूण शोधताना भाविकाच्या आईच्या, पारूच्या, नाकी नऊ आले.

झोपेला एवढं महत्त्व कशाला, असं कुणी म्हणेल. गेल्या खेपेला त्यांनीही तेच म्हटलं होतं. कल्याण स्टेशनच्या बाकावर बापलेकीनं रात्र काढली. डासांनी फोडून काढलं, गाड्यांच्या भोंग्यांनी डोळ्याला डोळा लागू दिला नाही. सकाळी आठशे मीटर धावताना शेवटच्या वळणावर भाविकाच्या पोटरीत गोळा आला आणि ती खालीच बसली. उठून लंगडत रेषेपलीकडे गेली तोवर बाकीच्या पोरी पाणी पीत उभ्या होत्या. परत येताना तिचा बाप कमळू वाटभर काही बोलला नाही. घरी आल्यावर बोलला.

"आजून एकदा जा. नाय झाला तं मंग लगीन. लोकांना तरी मी किती दिस तोंड देऊ?"

भाविकानं मान हलवली होती. तेव्हापासून ती रोज शेणव्याच्या डांबरी रस्त्यावर धावायची आणि पारू अंगणात उभी राहून तिची वाट बघायची. ही शेवटची खेप होती. हे घरात तिघांनाही पक्कं माहीत होतं, म्हणून त्यावर कोणी बोलत नव्हतं.

भाविकानं आधी मोबाइलवर लॉज दाखवला. पांढरीशुभ्र चादर आणि तिच्यावर गुलाबाच्या पाकळ्यांनी काढलेला बदाम. कमळूनं तो बदाम नीट न्याहाळला आणि मोबाइल उलटा करून जमिनीवर ठेवला.

"ह्यात माझी पोरगी झोपंल?"

"बाबा, ते फोटोपुरतं असतं."

"मंग तं आजूनच वाईट."

शेजारच्या धाऊचा मुलगा दिव्याला राहायचा, पण त्याच्या खोलीत सहा पोरं पाळीपाळीनं झोपत. मैदानाच्या भिंतीला लागून फुटपाथवर चादरी टाकून भरतीची पोरं पडतात, असंही कुणी सांगितलं. पोरांचं काय, पोरं कुठेही पडतील. असा आठवडा गेला. मग एका सकाळी चहाची बशी तोंडाला लावत कमळू सहज बोलल्यासारखा बोलला.

"कशाला नसती शोधाशोध? मी कालच बायला फोन केला. बाय म्हनली, आण पोरीला."

पारू भाकऱ्या थापत होती. हातातली भाकर तव्यावर वाकडी पडली.

बाय म्हणजे कमळूची थोरली बहीण, सकुबाई. मैदानाच्या मागल्या अंगालाच तिचं घर. पक्क्या दोन खोल्या, नळ घरात, पंखा डोक्यावर, आणि माणूस रक्ताचं. दहा वर्षं शोधली असती तरी याहून चांगली सोय सापडली नसती. दुसरी कोणी आई असती तर तिनं देवापुढे साखर ठेवली असती.

पण सकुबाईला जीवन नावाचा मुलगा होता. तिशी ओलांडलेला आणि अजून बिनलग्नाचा.

आत्याच्या मुलाचा मामाच्या मुलीवर पहिला हक्क, हे त्यांच्यात शेंबड्या पोरांनाही ठाऊक असतं. वयात आलेली मुलगी अशा आत्याकडे दिवसा गेली, जेवली, गप्पा मारून दिवेलागणीच्या आत परतली, तर कोणी ब्र काढत नाही. पण एक रात्र तिथे काढली की ती दिली. हे कुठे लिहिलेलं नाही आणि तोंडानं कुणी बोलतही नाही. सगळे फक्त समजून घेतात. आणि सगळ्यांनी समजून घेतलेलं मोडायचं म्हणजे काय होतं, ते पारूनं धाऊच्या घरी पाहिलं होतं. त्याची सारिका कॉम्प्युटरच्या परीक्षेला भिवंडीला आत्याकडे राहिली. ती घरी पोचते न पोचते तोच पाठोपाठ आत्याकडची माणसं सुपारी घेऊन हजर. सारिका नाही म्हणाली. आज धाऊ आणि त्याची सख्खी बहीण एकमेकांच्या दारातल्या मयतालाही जात नाहीत.

कमळू चहा संपवून वाडीकडे निघाला, तशी पारू हात न धुताच मागोमाग गेली. वालाच्या वेलांपाशी तिनं त्याला गाठलं.

"तुमाला ठावं हाय ना, तिकडं रात काढली तं काय व्हतंय?"

"काय व्हतंय?" त्यानं शेंगा खुडत विचारलं.

"माझ्याकडं बघून सांगा."

कमळूनं बघितलं नाही. "जीवन काय वंगाळ हाय? दारू नाय, काय नाय. कुरिअरच्या कामाला जातंय. मुंबईत घर हाय. आपली बाय सासू. आजून काय पायजे पोरीला?"

"पोरीला पोलिस व्हायचंय."

"व्हऊ दे ना! मी नको म्हनलो? झाली तं झाली. नाय झाली तं..." तो थांबला. शेंगांची मूठ त्यानं टोपलीत टाकली. "नाय झाली तं निदान रस्त्यावर नाय पडनार."

म्हणजे यानं विचार न करता फोन केला नव्हता. चांगला विचार करून केला होता. पारूला राग आला, पण त्या रागाला धड उभं राहायला जागा मिळेना. कमळू ताडावरून पडला तेव्हा याच सकुबाईनं त्याला मुंबईच्या दवाखान्यात नेलं होतं. महिनाभर स्वतःचं काम सोडून ती भावाच्या उशाशी बसली होती. पारू इकडे भाताच्या कापणीला एकटी, पदरात लहान पोर. त्या महिन्यात सकुबाई नसती, तर आज पारूच्या कपाळाला कुंकू नसतं. अशा बाईला तुमच्या घरी माझी पोर झोपणार नाही म्हणून कोणत्या तोंडानं सांगायचं?

भाविकाला तिनं नळावर विचारलं. हंडा भरत होता.

"आई, मला एक रात झोपायचं हाय फक्त. त्यांना काय समजायचं ते समजू दे. मी नाय म्हनंन."

"तू नाय म्हनशील. मंग तुझ्या बापाचं नि आत्याचं काय?"

भाविका हंड्यात पडणाऱ्या धारेकडे बघत राहिली. तिला सारिका आठवली असावी. "मंग मी काय करू? आजून एकदा स्टेशनवर बसू? आई, मला धावायचंय गो. ह्या टायमाला माझ्या पायात हाय. मला कळतंय, हाय."

पोरगी कधी काही मागत नसे. आज मागत होती ती फक्त एक शांत झोप, आणि तीसुद्धा आई-बापाला देता येत नव्हती.

दुसऱ्या दिवशी पारूनं वालाच्या शेंगांची टोपली डोक्यावर घेतली आणि मुरबाडच्या बाजाराला जाते म्हणून निघाली. भाविका सोबत होती. शेंगा खऱ्या होत्या, बाजारही खरा होता, काम मात्र वेगळंच होतं. भाविकाच्या मैत्रिणीला, मुरबाडच्या वैष्णवीला, त्याच दिवसाचं बोलावणं आलेलं. रविवारी तिथल्या मैदानावर दोघी एकत्र धावायच्या. त्यांच्याकडून पैसे न घेता सराव करून घेणाऱ्या मिताली मॅडम या खेपेला पाच पोरींना मुंबईला घेऊन चालल्या होत्या, असं वैष्णवीनं फोनवर सांगितलं होतं.

मॅडम मैदानाच्या कडेला शिट्टी गळ्यात अडकवून उभ्या होत्या. वयानं लहान, पण आवाज असा, की पारूनं नकळत पदर सावरला.

"मुलुंडला एका शाळेचा वर्ग मिळालाय. आतून कडी, बाहेर शाळेची बाई झोपते. मी स्वतः पोरींबरोबर आहे. पहाटे रिक्षा सांगून ठेवलीय. अजून एकीला जागा आहे."

पारूला हायसं वाटलं. एवढं सोपं होतं तर!

"पण एक आहे," मॅडम म्हणाल्या. "आई किंवा वडील, दोघांपैकी एकानं मुलीला स्वतः इथे आणून माझ्या हवाली करायचं. गेल्या वर्षी एक मुलगी घरी न सांगता आली आणि तिच्या काकांनी माझ्या दारात तमाशा केला. उद्या दुपारी बाराच्या आत आणा. त्यानंतर आमची जीप कल्याणला निघेल."

"तिच्या बापाला इचारते."

"आई चालते म्हटलं ना मी," मॅडम हसून म्हणाल्या आणि त्यांनी शिट्टी फुंकली.

परतीच्या जीपमध्ये पारूनं मनाशी सगळं जुळवलं. कमळूला नीट समजवायचं. वन्संना फोन करायचा, गोडीनं सांगायचं, की पोरीच्या मैत्रिणी आहेत, मॅडम आहेत, तुम्हाला कशाला त्रास. कुणाला वाईट वाटणार नाही. किन्हवलीपर्यंत तिनं ते बोलणं दहा वेळा घोकलं.

पाड्यावर उतरून घराकडे वळली आणि तिचे पाय जागीच थबकले. ओट्यावर सकुबाई बसली होती. शेजारी मोठी पिशवी, पायांत अजून चपला, चेहऱ्यावर न मावणारा आनंद.

"आलीस? मी म्हनलं, पोरीला एकटी कशाला पाठवायची, आपूनच न्यायला जावं! भाविका, ये गो, इकडं ये." तिनं भाविकाच्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. "किती वाळलीस. धावून धावून काडी झाली बघ पोरीची."

पारूनं पाणी दिलं, चहा टाकला, हसून विचारपूस केली. हात-तोंड सगळं नेहमीसारखं चालू होतं आणि आत जीव टांगणीला लागला होता. फोनवर नाही म्हणणं वेगळं. न्यायला म्हणून दारात आलेल्या नणंदेला नाही म्हणणं वेगळं.

आणि सकुबाई बोलत होती. जेवताना बोलली, भांडी आवरताना बोलली. जीवननं दोन दिवसांची रजा टाकली होती. घराला रंग नाही, पण भिंती पुसून काढल्या होत्या. नवी गादी आणली होती, आणि तो स्वतः बाहेरच्या खोलीत जमिनीवर झोपणार होता. "म्हनला, आय, ती धावनार हाय, तिला पंख्याखाली झोपव." हे सांगताना सकुबाईचा आवाज ओला झाला. "चार वरसं पोरी बघतोय, पारू. शिकलेल्या म्हनतात पर्मनंट नोकरी पायजे. बिनशिकलेल्या म्हनतात वन बीएचके पायजे. पोरगं आता फोटो काढून घ्यायलापन नको म्हनतंय."

पारूला तिची दया आली. खरंच आली. वाईट बाई असती तर किती सोपं झालं असतं, असं तिच्या मनात आलं.

गोठ्यात बैलांना पेंढा टाकताना तिनं कमळूला एकट्याला गाठलं आणि मुरबाडचं सगळं सांगितलं. तो पेंढ्याची पेंडी हातात धरून तसाच उभा राहिला.

"बाय दारात येऊन बसली, नि तू मला आता सांगतंस?"

"मंग कवा सांगू? तुमी फोन केला तवा मला इचारला?"

कमळू पेंडी सोडवत बसला. "माझ्यानं नाय व्हनार," तो शेवटी म्हणाला. "ती माझ्या उशाशी महिना बसलीय. मी तिला तोंडावर नाय म्हनू? तुला जमत असंल तं तू कर." एवढं बोलून गडी पेंढा तिथेच टाकून बाहेर निघून गेला. बैल बिचारे बघत राहिले.

सकाळी पारूला जाग आली ती अंगणातल्या खराट्याच्या आवाजानं. सकुबाईनं अंगण झाडून सडा टाकला होता. उंबऱ्यासमोर पाट मांडला होता, पाटाभोवती रांगोळीची रेघ होती. शेजारच्या बायकांना तिनं कधी बोलावलं कोण जाणे. धाऊची बायको आणि आणखी दोघी न्हाऊन-माखून ओट्याच्या कडेला उभ्या होत्या. कमळू खांबाला टेकून तंबाखू मळत होता, मळतच होता.

भाविका बाहेर आली ती ट्रॅक पँट, टी-शर्ट आणि पाठीला सॅक अशी.

"आत्या, हे काय?"

"काय नाय गो. चांगल्या कामाला चाललीस. रिकाम्या ओटीनं जायचं नाय. बस पाटावर."

सकुबाईनं पिशवीतून ताट काढलं. त्यात तांदूळ होते, नारळ होता, हळदी-कुंकू होतं, हिरवा खण होता. आणि खणावर हिरवा चुडा ठेवलेला होता. नुसत्या आशीर्वादाला चुडा लागत नाही. धाऊच्या बायकोनं तो पाहिला आणि झटकन पारूकडे बघितलं. इतर दोघीही बघू लागल्या. सकुबाई रात्रीचीसुद्धा वाट बघणार नव्हती. मुंबईला पोचायच्या आधी, इथेच, चार साक्षीदारांसमोर ती पोरीला आपली करून नेणार होती.

भाविकाला कळलं. तिचा चेहरा उतरला, मग ताठ झाला. ती पाटावर बसली नाही, मागेही सरली नाही. तिनं आईकडे पाहिलं. पारूला लेकीचे ओठ हललेले दिसले. आता ती नाही म्हणणार. एक शब्द, आणि या अंगणात भाऊ-बहीण कायमचे तुटणार. आणि नाही म्हणाली नाही, तर पोरगी अडकणार. उद्या ती मैदानावर धावेल ती पोलिस व्हायला नव्हे, चुडा उतरवायला धावेल. आठशे मीटर कुणी असं ओझं घेऊन धावतं का?

पारू पुढे झाली. काय करतेय हे तिचं तिलाही नीट माहीत नव्हतं. तिनं लेकीला दंडाला धरून बाजूला केलं आणि स्वतःच पाटावर बसली. दोन्ही हातांनी पदर पसरला.

"भरा, वन्सं."

सकुबाई ताट घेऊन उभीच.

"पारू, तुझी कशाला? तुझी माझ्या आयनं भरली व्हती, ह्याच आंगनात."

"व्हय. तवा मला कुनी इचारला नवता." पसरलेला पदर पारूनं आवरला नाही. "आज मी आपून व्हऊन बसलेय. घरातली ओटी रिकामी जाऊ नको म्हनता ना, मंग माझी भरा. पोरीला उद्या धावायचंय. तिला मोकळी जाऊ द्या."

"म्हंजी? ती माझ्याकडं येनार नाय?"

"मुरबाडच्या मॅडमबरोबर जाईल. पोरींसंगती ऱ्हाईल."

सकुबाईचा चेहरा कुणी तोंडात मारल्यासारखा झाला. ताटातला नारळ एका बाजूला कलंडला, तो तिनं हातानं धरला. पारूशी ती बोललीच नाही. वळून भावाकडे बघितलं.

"कमळू?"

एवढंच. पण त्या एका हाकेत दवाखान्यातला तो अख्खा महिना होता, आणि कमळूला तो ऐकू आला. त्याची मान खाली गेली. पारूला वाटलं, संपलं. हा माणूस कधी बहिणीच्या शब्दाबाहेर गेलाय, की आज जाईल? पाटावर बसलेली ती, पसरलेला पदर, बघणाऱ्या बायका. आता उठायचं तरी कसं आणि बसायचं तरी कसं?

कमळूनं मळलेली तंबाखू तोंडात टाकली नाही. तळहात धोतराला पुसला. भाविकाजवळ गेला आणि तिच्या पाठीवरची सॅक काढून स्वतःच्या खांद्याला अडकवली.

"बाय," तो खालमानेनं म्हणाला, "भर तिची ओटी. तुझा उपकार मी जल्मात फेडनार नाय. पन तो माझ्यावर हाय. पोरीवर नाय." आणि लेकीला म्हणाला, "चल. बाराच्या आत पोचायला पायजे ना?"

भाविकानं आधी आत्याच्या पाया पडून घेतलं. सकुबाईचा हात सवयीनं तिच्या डोक्यावर गेला आणि तिथेच थोडा वेळ राहिला. मग तिनं पारूच्या कपाळाला हळद-कुंकू लावलं. पदरात तांदूळ घातले, नारळ ठेवला, खण ठेवला. चुडा तिनं उचलून आपल्या पदराच्या टोकाला बांधला. सगळं तिनं नीट केलं, काही चुकवलं नाही. शेवटी मात्र हात तसेच राहिले आणि ती रडू लागली.

"मी घरी जाऊन काय सांगू त्याला? सकाळपास्नं दोनदा फोन झाला. आय, भाविकाला भात आवडतो का भाकर? काय सांगू मी?"

धाऊच्या बायकोनं डोळ्यांना पदर लावला. पारूच्याही डोळ्यांत पाणी आलं. आपण जिंकलो असं तिला वाटलं नाही. एका आईची झोळी रिकामी ठेवून दुसरीनं आपली भरून घेतली होती, हे ती बघत होती. नारळ कुशीत धरून ती उठली.

"सांगा, मामी येतेय म्हनून."

सकुबाईनं डोळे पुसत तिच्याकडे बघितलं.

"खरंच येतेय, वन्सं. तुमची तयारी वाया नको जायला. आज रात तुमच्याकडं मी. पंख्याखाली मी झोपंन." पारूनं पदरातले तांदूळ सावरले. "मी कवाच नाय ऱ्हायले मुंबईत. तुमच्या घरीपन नाय. ते दवाखान्यात व्हते तवापन नाय आले. सकाळी तुमीच मला मैदानाच्या गेटाशी घेऊन चला. पोरगी बाहेर येईल तवा कुनीतरी उभं पायजे."

सकुबाईनं रिकामं ताट पिशवीत घातलं.

नाक्यावर दोन जीपा उभ्या होत्या. मुरबाडच्या जीपमध्ये कमळू लेकीची सॅक मांडीवर घेऊन बसला होता, कुणी हिसकावून घेईल अशा धास्तीनं. भाविकानं खिडकीतून हात बाहेर काढून आईचा हात धरला. "आई, झोपशील ना नीट?" तिनं विचारलं, आणि दोघींनाही हसू आलं. जीप हलली, हात सुटला.

जगन ड्रायव्हरच्या शहापूरकडच्या जीपमध्ये पारू आणि सकुबाई मागच्या बाकावर शेजारी शेजारी बसल्या. अंगावर होतं त्याच लुगड्यानिशी पारू निघाली होती. जवळ सामान म्हणून फक्त पदरातला नारळ आणि वालाच्या शेंगांची पिशवी. जीप भरली, निघाली, वळणं घेऊ लागली. सकुबाई बाहेर बघत होती. शहापूर येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही, आणि प्रत्येक वळणाला पारूचा जीव खालीवर झाला. स्टेशनावर ही आपल्याला तशीच सोडून गाडीत चढली तर?

"पारू," सकुबाई अचानक म्हणाली, "पोरगी पास झाली तं?"

"तं पोलिस."

"नि नाय झाली तं?"

त्या प्रश्नाचं उत्तर घरात केव्हाच ठरलं होतं आणि सकुबाईलाही ते माहीत असणार.

"तरी तिलाच इचारायचं," पारू म्हणाली. "तुमी इचारा. दिवसा येऊन, समोर बसवून. ती काय म्हनंल ते म्हनंल."

तेवढ्यात सकुबाईच्या पिशवीत फोन वाजायला लागला. तिनं तो बाहेर काढला, पडद्यावरचं नाव बघितलं आणि हातात नुसता धरून ठेवला. फोन वाजून वाजून बंद पडला. जगननं आरशातून मागे बघितलं. फोन पुन्हा वाजला. या खेपेला तिनं तो कानाला लावला.

"नाय रे," ती म्हणाली. "भाविका नाय येत. ती पोरींसंगती ऱ्हातेय." पलीकडून काहीच आवाज येत नव्हता. सकुबाई डोळे मिटून ती शांतता ऐकत राहिली. मग तिनं पारूच्या मांडीवरचा घसरणारा नारळ एका हातानं सावरला.

"मामी येतेय," ती म्हणाली. "व्हय, ऱ्हायला. पीठ काढून ठेव. तिला भाकर लागते."